जिप्सी घ्यायचीय? आधी गाडीखाली झोपा!

पाऊस ओसरला की आपल्या फीडवर एक ठरलेला रील येतो. ओला सह्याद्री, लाल चिखल, मागे ढोल-ताशाचा ट्रॅक आणि चिखल उडवत चढ चढणारी एक जुनी जिप्सी. खाली कमेंट्समध्ये ‘ड्रीम कार’, ‘ओल्ड इज गोल्ड’ आणि हमखास एक प्रश्न: ‘भाऊ, कितीला पडली?’

आमच्या ग्रुपमध्येही हा प्रश्न पडला. चौघांनी इंटर्नशिपचे, फ्रीलान्सचे, थोडे घरचे असे पैसे गोळा करून एक जुनी फोर बाय फोर घ्यायची, असं एका मित्राने कॅन्टीनमध्ये जाहीर करून टाकलं. नेमका त्याच आठवड्यात मला मामाचा फोन आला. मामा भोर तालुक्यात, वरंधा घाटाच्या अलीकडे राहतो. त्याच्याकडे २००५ ची जिप्सी आहे, २०११ साली शहरातल्या एका माणसाकडून घेतलेली. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी खताची पोती आणि पावसाळ्यात रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर वाडीतली हक्काची गाडी. मामा म्हणाला, “तू पेपरात काम करतेस ना गं? मग एवढं बघून सांग. नोव्हेंबरात गाडीचे कागद संपतायत. ठेवू की काढू?”

म्हणजे ग्रुपला गाडी घ्यायचीय आणि मामाला ती ठेवावी की नाही ते कळत नाहीये. दोघांसाठी हिशेब मात्र एकच. तो मी महिनाभर मांडत बसले, आणि त्यात बऱ्याच गोष्टी मला वाटत होत्या त्याच्या उलट निघाल्या.

आधी ही गाडी काय आहे ते थोडक्यात. मारुती जिप्सी भारतात डिसेंबर १९८५ मध्ये आली. सुरुवातीला ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ मध्ये १.३ लिटरची ‘किंग’ आली आणि २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं. खाली शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे सॉलिड एक्सल, चारही चाकांवर बैलगाडीची आठवण करून देणारे पाटे. ना पॉवर स्टेअरिंग, ना एअरबॅग. सॉफ्ट टॉपचं वजन मात्र टनाच्याही आत, आणि चिखलात तिची खरी ताकद तीच. लष्कराने ती वर्षानुवर्षं वापरली, पोलिसांनी वापरली, ताडोब्यात आजही सफारीला गेलात तर मोहर्ली गेटवर तीच उभी दिसते. २०१९ च्या आसपास सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. म्हणजे आज बाजारात दिसणारी सगळ्यात ‘तरुण’ जिप्सीसुद्धा सहा-सात वर्षांची आहे, आणि आपल्या बजेटमधली बहुतेक पंधरा ते पंचवीस वर्षांची.

पंधरा वर्षं म्हणजे भंगार?

पहिला गैरसमज इथेच. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी स्क्रॅप करावी लागते’ हे तुम्हीही ऐकलं असेल. महाराष्ट्रात खासगी गाडीसाठी असा नियम नाही. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी आरटीओत दाखवायची, ती रस्त्यावर चालवण्यालायक आहे असं निरीक्षकाने मान्य केलं की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. पुढे पुन्हा पाच, पुन्हा पाच.

वयाची बंदी आहे ती दिल्ली-एनसीआरमध्ये. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आधी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. २०२५ मध्ये १ जुलैपासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असा प्रयोग दिल्लीत सुरू झाला आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच थांबला. १२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई नको, असं सांगितलं. या सगळ्या गोंधळाचा आपल्याशी संबंध असा, की दिल्लीच्या जुन्या गाड्या स्वस्तात आपल्याकडे विकायला येतात. आमच्या मित्रालाही ‘डीएल’ नंबरची एक जिप्सी दिसली होती, इथल्यापेक्षा चांगली स्वस्त. पण मूळ आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं धरलं की ती स्वस्ताई विरघळते. आणि एनओसी ‘येतेय, येतेय’ म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. ती येईपर्यंत तुमच्याकडे गाडी नसते, लोखंड असतं.

आता मामाच्या गाडीचं. पहिल्यांदा पंधरा वर्षं झाली ती २०२० मध्ये. तेव्हा नूतनीकरणाची सरकारी फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे दर काढले: कारसारख्या हलक्या वाहनांना १०,००० रुपये, दुचाकीला २,०००. काम तेच, कागद तोच, पाच वर्षांत सहाशेचे दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. शिवाय एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागतेय, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. (तुमच्या घरच्या जुन्या स्कूटीलाही लागते. मुदत पुन्हा वाढेल या भरवशावर बसू नका.)

मामा हे ऐकून म्हणाला, “म्हणजे काढायलाच सांगतायत की!” त्याचं एकदम चूक म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये आलेल्या स्क्रॅपेज धोरणाचा हेतूच तो आहे. जुनी गाडी ठेवणं महाग करायचं, म्हणजे लोक आपणहून सोडतील. पण फी गाडीचं वय बघते, ती किती चालते, किती धूर सोडते ते बघत नाही. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणारी वाडीतली जिप्सी आणि रोज शहर पालथं घालणारी गाडी या दोघी या दरपत्रकात सारख्याच. मला यात गोम वाटते. निरीक्षण कडक करा, ब्रेक नीट नसतील, धूर जास्त असेल तर नापास करा, त्याला कोणाची हरकत असेल? पण वयावर दंड लावला की तो भरतो तोच, ज्याला नवी घेणं परवडत नाही.

असो. हे माझं मत. पण हिशेब मांडल्यावर मला कळलं, की ज्या दहा हजारांवर सगळे भडकलेत ते या खेळातले सगळ्यात छोटे पैसे आहेत.

पत्रा सगळं सांगतो

मी मामाबरोबर भोरच्या गॅरेजला गेले. मेकॅनिक काकांनी मला काही न बोलता एक गोणपाट दिलं आणि गाडीखाली बोट दाखवलं. खाली झोपले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने चालकाच्या पायाखालच्या पत्र्यावर टकटक केलं. एका जागी आवाज ‘टण’ यायचा, एका जागी ‘थप्प’. ‘थप्प’ म्हणजे वरून रंग आहे, आत गंज. मग त्यांनी जरा दाबलं आणि स्क्रू ड्रायव्हर आत गेला. वरून बघाल तर मॅट नवी कोरी.

जुन्या ऑफ-रोड गाडीचा पहिला शत्रू इंजिन नसतो, गंज असतो. त्याचं कारणही साधं आहे. सॉफ्ट टॉपमधून पाणी आत येतं, मॅटखाली साचतं, पाणी जायच्या भोकांमध्ये चिखल बसलेला असतो. खाली चिखल चेसिसच्या खोबणीत अडकतो आणि ओल धरून ठेवतो. जी गाडी कोकणात, खाऱ्या वाऱ्यात होती किंवा जिने बीचवर रील केलेत, तिची तर गोष्टच वेगळी. पुढच्या काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे, मागच्या चाकांच्या वरचा भाग, बॉडी जिथे चेसिसवर बसते ती माउंटिंग्ज, या जागा आधी बघायच्या. चेसिस नंबर खोडलेला, वेल्डिंग मारलेला किंवा रंगाखाली गडप झालेला असेल तर चहा पिऊन परत या.

पत्र्याचं काम महाग का, तर त्यात सुट्या भागापेक्षा माणसाचे दिवस जास्त जातात. कापा, जोडा, घासा, रंगवा. इंजिनचं काम दोन दिवसांत होतं, पत्र्याचं काम गाडीला तीन आठवडे अडवतं. आणि शेजारचा पत्रा कधी ‘थप्प’ म्हणेल याची गॅरंटी कोणी देत नाही.

दुसरी गोष्ट स्टेअरिंगची. पन्नास-साठच्या स्पीडला एखादा खड्डा लागला आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं, ब्रेक मारून गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते थांबलंच नाही, असं झालं तर गाडीवाला म्हणेल, “व्हील बॅलन्सिंग केलं की जाईल.” कधी जातं. पण बऱ्याचदा कारण असतं पुढच्या एक्सलच्या टोकाला असलेली किंगपिन बेअरिंग्ज किंवा पाट्यांची रबरी बुश झिजलेली. सॉलिड एक्सलच्या कुठल्याही जुन्या गाडीत हे होतं, तो वयाचा भाग आहे. तिथेच चाकाच्या आतल्या बाजूला गोल लोखंडी गोळ्यासारखा भाग दिसतो. तो ग्रीसने नीट माखलेला असेल तर ठीक, पण तिथून पातळ तेल ओघळत असेल तर आतलं सील गेलंय. तसंच चालवत राहिलात तर बेअरिंग जातं, आणि पाचशेच्या आसपासचं सील दहा हजारांकडे जायला लागतं.

आता आपला सगळ्यांचा लाडका लिव्हर, फोर बाय फोरचा. जिप्सीची सिस्टिम पार्टटाइम आहे. म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह टाकलं की पुढची आणि मागची चाकं एकाच वेगाने फिरायला बांधली जातात, मध्ये फरक सांभाळणारं डिफरन्शियल नाही. मातीत चाक थोडं घसरून जुळवून घेतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते, मग सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर. ‘बघ, फोर बाय फोर चालतंय’ म्हणून पार्किंगमध्ये गोल फिरवून दाखवणारा विक्रेता तुम्हाला गाडी दाखवता दाखवता मोडत असतो. टेस्ट करायचीच तर मोकळ्या मातीत न्या, थांबून लो रेंज टाका, हळू सोडा. गिअर उडतोय का बघा. काही गाड्यांमध्ये पुढच्या चाकांवरचे हब हाताने लॉक करावे लागतात. वर्षानुवर्षं कोणी हात न लावल्याने ते जाम झालेले असतात आणि मालकाला पत्ताच नसतो, कारण तो एकदाही मातीत गेलेला नसतो.

बाकी क्लच, रेडिएटर, ब्रेकचे सिलिंडर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस ही सगळी झिजणारी मंडळी. ती झिजणारच, मिळतातही. टायमिंग बेल्ट रबराचा असतो. कधी बदलला ते मालकाला आठवत नसेल, तर घेतल्या घेतल्या बदला.

टाकीतला ऊस

२०२५ च्या पावसाळ्यात जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांच्या गप्पांमध्ये एकच विषय होता, ई-२०. म्हणजे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. देशाने २०३० चं उद्दिष्ट पुढे ओढून २०२५ मध्येच गाठलं. इथेनॉल जातं कुठून, तर बरंचसं आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून. त्यामुळे महाराष्ट्रात हा विषय नुसता गाडीचा राहत नाही. मामाच्या शेजाऱ्याचा ऊस आहे, त्याला इथेनॉल हवं आहे. मामाची जिप्सी आहे, त्याला नको आहे. दोघे संध्याकाळी एकाच पारावर बसतात.

यात विज्ञान काय म्हणतं? एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातही साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या, ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के मायलेजचा फटका धरला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने मायलेज फार पडतं ही भीती अवाजवी आहे असं सांगितलं, पण काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटर वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, हेही मान्य केलं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. म्हणजे पंपावर पर्याय नाही, हे धरूनच चाला.

२००५ च्या जिप्सीच्या इंधन पाइप आणि सील बनल्या तेव्हा कोणी वीस टक्क्यांचा विचार केलेला नव्हता. इंजिन उद्या बंद पडणार, असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचा फार त्रास नाही. महिना-महिना उभ्या राहणाऱ्या, अर्धी टाकी रिकामी असलेल्या गाडीला आहे. टाकीत पाणी, मग गंज, मग फिल्टर चोक. आणि महिना-महिना उभी राहणारी गाडी कोणाची असते? कॉलेजच्या ग्रुपची! परीक्षा आली, सबमिशन आलं, पेट्रोलचे पैसे संपले की गाडी हॉस्टेलच्या मागे ताडपत्रीखाली.

रबरी इंधन पाइप सगळ्या बदलून घ्या, पेट्रोलचा वास येत असेल तर आजच. हा खर्च काही हजारांत होतो आणि न केल्याचं नुकसान आगीत.

मामाची डायरी

मामा दूध डेअरीच्या डायरीतच गाडीचा खर्च लिहितो. मागच्या तीन वर्षांचं मी उतरवून घेतलं. ऑइल-फिल्टर सोडून. पहिल्या वर्षी क्लच मजुरीसह ८,५०० आणि रेडिएटर ४,२००. दुसऱ्या वर्षी चार टायर २६,००० आणि पाटे-बुश ७,८००. तिसऱ्या वर्षी पत्रा ३८,०००, किंगपिन बेअरिंग आणि सील ९,५००, बॅटरी ५,००० आणि ब्रेक ६,०००. बेरीज १,०५,०००. वर्षाला ३५ हजार.

गाडी वर्षाला साधारण ६,००० किलोमीटर चालते. म्हणजे नुसती दुरुस्ती किलोमीटरला पावणेसहा रुपयांच्या वर. मायलेज ११ धरलं आणि पेट्रोल १०४ रुपये, तर इंधन साडेनऊ रुपये. थर्ड पार्टी इन्शुरन्स १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ अधिक जीएसटी, म्हणजे चार हजारांच्या आसपास, किलोमीटरला ६७ पैसे. आणि ज्याच्यावरून एवढा गदारोळ झाला ती दहा हजारांची फी? ती पाच वर्षांसाठी आहे. वर्षाला दोन हजार. किलोमीटरला ३३ पैसे. एकूण सोळा रुपयांच्या पुढे. ई-२० मुळे मायलेज सहा टक्के पडलं असं धरलं, तर वर्षाला आणखी साधारण ३,६०० रुपये. ते फीच्या वार्षिक वाट्यापेक्षा जास्त आहेत, पण त्यावर कोणी रील बनवलेलं मला दिसलं नाही.

मग मी तोच हिशेब आमच्या ग्रुपसाठी केला. आम्ही वर्षाला चालवून चालवून किती चालवणार, दोन हजार किलोमीटर? पेट्रोल कमी लागेल, बरोबर. पण इन्शुरन्स तेवढाच, फी तेवढीच. बॅटरी उभ्या उभ्या जाते, टायरचं रबर उन्हात कडक होतं, गंज काही ओडोमीटर बघून थांबत नाही. दुरुस्ती मामाच्या निम्मी धरली तरी वर्षाला साडेसतरा हजार, म्हणजे किलोमीटरला पावणेनऊ. चौघांत वाटलं तर पैसे जमतीलही. पण गाडीचे कागद एकाच्याच नावावर असणार. अपघात झाला, चलन आलं, कोर्टाचा कागद आला, तर तो त्या एकाच्याच घरी जाणार. कॅन्टीनमध्ये हा मुद्दा काढल्यावर पहिल्यांदा सगळे गप्प झाले.

मॉडिफिकेशनचं तर बोलायलाच नको. रीलमधल्या निम्म्या गाड्यांवर जे दिसतं ते आरसीशी जुळत नाही. मूळ नोंदणीत आहे त्याच्याशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. पुढचा लोखंडी बुलबार बेकायदा आहे. आणि तो लष्करी हिरवा रंग, ज्याच्यासाठी आपण जीव टाकतो, तो नियमांनुसार संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच मारता येतो. लिलावातून बाहेर आलेली लष्कराची जिप्सी घेतलीत तरी रंग बदलावाच लागतो. हे सगळं तुम्हाला विकणारा सांगणार नाही. नूतनीकरणाच्या दिवशी निरीक्षक सांगेल.

एक चांगली बातमीही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झालाय. आधी बऱ्याच भागांवर २८ होता. टायर-बॅटरी घ्यायला आलीच असेल तर बिल मागा आणि नव्या दराचंच मागा. नव्या गाड्याही स्वस्त झाल्या. चार मीटरच्या आतली, १.५ लिटर डिझेलची तीन दारी थार १८ टक्क्यांत आली, पण गंमत बघा, ती फक्त मागच्या चाकांवर चालते. चारही चाकांना ताकद देणारी हवी असेल तर मोठं इंजिन, ४० टक्के कर आणि किंमत दहा लाखांच्या वर. मामाला जी गाडी हवी ती त्याच्या आवाक्यात नाही. जी आवाक्याच्या जवळ आलीय ती पावसाळ्यात त्याच्या वाडीच्या शेवटच्या चढावर उपयोगाची नाही. म्हणून त्याच्याकडे निवड ‘जुनी की नवी’ अशी नाहीच. ‘जुनी की काहीच नाही’ अशी आहे. सोळा रुपये किलोमीटर मला महाग वाटतात, मामाला नाही, कारण रात्री दोनला घाटाच्या पायथ्याला दुसरं वाहन कितीला येतं, हे त्याला माहीत आहे: येतच नाही.

ग्रुपला मी काय सांगितलं? वर्षातून तीनदा चिखलात जायचं असेल तर भाड्याने जा, ज्याची गाडी आहे त्याला पैसे द्या, डिझेल-पेट्रोल भरा, मजा करा. खरंच घ्यायचीच असेल तर किमतीच्या निम्मे पैसे वेगळे काढून ठेवा आणि गाडी बघायला पावसाळ्यात जा. उन्हाळ्यात सगळ्याच गाड्या कोरड्या असतात. आणि स्वतः गाडीखाली झोपा. मित्र रुसलाय. त्याने काल परत एक लिंक पाठवली, ‘अर्जंट सेल, सिंगल ओनर, नो रस्ट’. फोटोत मॅट नवी कोरी होती. मी फक्त एक स्क्रू ड्रायव्हरचा इमोजी पाठवला.

मामाने ठेवायचं ठरवलंय. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, तो आम्ही ऑनलाइन भरला. उशीर झाला तर महिन्याला पाचशे रुपये जादा, म्हणून घाई केली. एका एजंटने ‘गाडी आणायचीही गरज नाही’ म्हणून अठरा हजार सांगितले होते. मामा म्हणाला, “गाडी दाखवायला लाज वाटावी अशी नाही आपली.” आता यादीतलं शेवटचं काम राहिलंय. डाव्या बाजूचा वायपर अर्ध्यावर अडकतो, मागचा एक इंडिकेटर कधी लागतो कधी नाही, आणि हॉर्न फक्त स्टेअरिंग डावीकडे वळवलं की वाजतो. रविवारी मी जातेय. मेकॅनिक काकांनी सांगितलंय, येताना जुने कपडे घालून ये.